गोष्टीच्या शेवटी ‘शहाण्या’ न होणाऱ्या मुली कोणत्या पुस्तकांत भेटतात?

रानजाई

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात सगळ्या तपासण्या झाल्यावर तिला स्वमग्नता (ऑटिझम) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणे व स्थिर बसणे अवघड जाणे) असे दोन्ही असल्याचे आम्हाला सांगण्यात आले. त्या कागदाने तिच्यात काही बदलले नाही. ती पूर्वीसारखीच चिंचोके रंगाच्या छटांप्रमाणे ओळीने लावते, कुकरची पहिली शिट्टी होण्याआधीच कानांवर हात ठेवते आणि घरी आलेल्या पाहुण्यांना कसारा घाटातल्या बोगद्यांविषयी, त्यांनी विचारलेले नसतानाही, सविस्तर माहिती देते. बदललो आम्ही, कारण ज्याला आजवर हट्ट म्हणत होतो तो हट्ट नव्हता हे आम्हाला उशिरा कळले.

रोज रात्री मी तिला गोष्ट वाचून दाखवते. परवाच्या पुस्तकातली मुलगी बडबडी आणि धांदरट होती. शेवटच्या पानावर ती शांत झाली, नीटनेटकी झाली, सगळ्यांनी तिचे कौतुक केले आणि गोष्ट संपली. माझी मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, “शेवटी ही दुसरीच मुलगी आली. मग पहिली कुठे गेली?”

मला उत्तर देता आले नाही, म्हणून येथे विचारत आहे. अशी मुलगी मध्यभागी असलेली, पण तिला दुरुस्त करून न संपणारी पुस्तके आपल्याला माहीत आहेत का? मराठी असतील तर उत्तमच. इंग्रजी असली तरी मी वाचता वाचता मराठीत सांगू शकते. दुसरी शंका अशी की, जुन्या पुस्तकांतल्या तऱ्हेवाईक मुलींना आजच्या निदानांची नावे लावणे योग्य आहे का? घरातल्या ज्येष्ठांचे म्हणणे पडते की, गोष्टीला गोष्टच राहू द्यावे.

ग्रंथघर

रानजाईताई, आपल्या मुलीचा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला आहे. मी एका शाळेचे ग्रंथालय सांभाळतो आणि आठवड्यातून एक तास मुलांना मोठ्याने वाचून दाखवतो. त्या अनुभवावरून पहिले नाव मनात येते ते ‘तोत्तोचान’चे. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या बालपणावर लिहिलेले हे जपानी पुस्तक 1981 साली प्रसिद्ध झाले आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो असेल. अडचण एवढीच की, आपण ते शिक्षणावरचे पुस्तक म्हणून वाचतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेचे वर्णन हमखास होते, पण त्या डब्यांकडे पाहता पाहता खिडकीतली मुलगी आपल्या नजरेतून निसटते असे मला वाटते.

ही मुलगी पहिलीतच शाळेतून काढून टाकली गेलेली आहे. तिचे गुन्हे पाहा. नव्या डेस्कचे झाकण वर उघडते याचा तिला इतका आनंद होतो की, एकेक वस्तू काढण्यासाठी ती ते शेकडो वेळा उघडते आणि मिटते. त्यातून सुटका झाली की ती खिडकीपाशी उभी राहून रस्त्यावरच्या वादकांना हाका मारते, आणि ते नसतील तेव्हा घरटे बांधणाऱ्या पाकोळ्यांना ‘काय करताय?’ असे विचारते. झेंड्याचे चित्र काढताना झालर कागदावर मावत नाही, म्हणून ती डेस्कवर काढते. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना ही पाने वाचताना हसूही येईल आणि घशाशी काही अडकल्यासारखेही होईल. आईने तिला शाळेतून काढल्याचे सांगितले नाही. ते तिला वयाची वीस वर्षे उलटल्यावर कळले.

नंतर ती आगगाडीच्या डब्यांतल्या त्या तोमोए शाळेत जाते आणि मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी तिला म्हणतात की, तुला जे सांगायचे असेल ते सगळे सांग. ती चार तास बोलते आणि ते चार तास ऐकतात, मध्ये जांभई देत नाहीत, घड्याळाकडे पाहत नाहीत. बालसाहित्यातला याहून मोठा प्रसंग मला ठाऊक नाही.

मात्र मुलांना सर्वांत आवडतो तो पाकिटाचा प्रसंग. तिचे लाडके पाकीट संडासात पडते आणि ती लांब दांड्याचा डाव घेऊन टाकीतली सगळी घाण बाहेर उपसत बसते. कोबायाशी तिथून जाताना काय चालले आहे ते विचारतात आणि काम झाल्यावर हे सगळे परत आत टाकशील ना, एवढेच म्हणून पुढे जातात. ते तिला रागावत नाहीत, पण मदतीलाही थांबत नाहीत. पाकीट शेवटपर्यंत सापडत नाही. माझ्या वर्गात या ठिकाणी आधी किळस, मग हसू आणि मग एक विचित्र शांतता येते, कारण मुलांना कळते की, या माणसाने तिच्यावर विश्वास टाकला आहे.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तरही याच पुस्तकापाशी मिळते. पुस्तकात कुठेही निदान नाही. पुढे अनेक वर्षांनी कुरोयानागी यांनी स्वतःच, आपल्याला लहानपणी अध्ययन अक्षमता असावी का, या प्रश्नावर लिहिले. नाव नंतर आले आणि ते तिने स्वतः विचारात घेतले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मूळ शीर्षकातली ‘खिडकीपाशची मुलगी’ हीदेखील नुसती शोभा नाही. पुस्तक लिहिले गेले त्या काळात जपानी कार्यालयांत ज्यांना कामातून बाजूला सारले जाई, त्यांना खिडकीपाशचे लोक म्हणत, आणि पहिल्या शाळेत आपणही तशाच बाजूला सारलेल्या होतो असे त्यांनी लिहिले आहे.

एक सूचना करावीशी वाटते. यासुआकी हा पोलिओ झालेला तिचा मित्र पुस्तकात मरण पावतो आणि शेवटी, 1945 मध्ये, बाँबहल्ल्यात शाळा जळते. अचानक घडणाऱ्या गोष्टींचा त्रास होणाऱ्या मुलीला हे आधी सांगून ठेवावे. पुढे काय होणार हे कळल्याने अशा मुलांचा रस कमी होत नाही, उलट ती निश्चिंत होऊन ऐकतात असा माझा अनुभव आहे.

कोरीपाटी

मी विशेष शिक्षिका आहे. पुस्तकांच्या नावांआधी मला आपल्या शब्दांविषयी बोलायचे आहे, कारण गोष्टी त्यांतूनच घडतात.

मराठीत एखाद्या मुलाला ‘वांड’ किंवा ‘वल्ली’ म्हणताना आवाजात कौतुक असते. मुलगी तेच करते तेव्हा ती ‘आगाऊ’ होते. विसराळू मुलगा ‘प्रोफेसर’ ठरतो आणि विसराळू मुलगी ‘वेंधळी’ ठरते, शिवाय त्या वेंधळेपणाला लगेच सासरची भीती जोडली जाते. आपल्या बालसाहित्यातली लाडकी नावे आठवून पाहा: गोट्या, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे, चिंटू. हे सगळे मला प्रिय आहेत आणि त्यांच्यावर माझा रोष नाही. पण त्यांच्या शेजारी तितक्याच मोकळेपणाने धडपडणारी, चुकणारी आणि तरीही लाडकी राहणारी मुलगी शोधायला बसले की, माझी बोटे मोजता मोजता थांबतात. डिस्लेक्सिया (वाचता-लिहिताना येणारी अडचण) हा शब्द आपल्या घराघरांत 2007 सालच्या एका हिंदी चित्रपटामुळे पोचला, आणि तिथेही नायक मुलगाच होता.

हे केवळ साहित्यातच झाले असे नाही. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्नतेवरचा जो पहिला प्रसिद्ध लेख लिहिला, त्यातल्या अकरा मुलांमध्ये मुली तीनच होत्या. डॉक्टर हान्स अ‍ॅस्परगर यांनी 1944 मध्ये ज्या चार मुलांचे सविस्तर वर्णन केले, ते चौघेही मुलगे होते. पुढे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र बसले. माझ्याकडे येणाऱ्या मुली बहुधा उशिरा येतात, कारण शाळेच्या लेखी त्या ‘शांत आणि समजूतदार’ असतात. शेजारची मैत्रीण कधी हसते, हात कसे ठेवते, हे दिवसभर पाहून पाहून त्या तसे करतात, आणि घरी येऊन दप्तर टाकताक्षणी कोसळतात. आईला वाटते की, मूल आपल्यालाच त्रास देते. खरे तर दिवसभर धरून ठेवलेला श्वास ते घरी सोडत असते.

वेगळ्या मुलांचे चित्रण बालसाहित्यात नवे नाही; फक्त फार काळ त्याचा हेतू भीती घालणे हा होता. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांचे ‘श्ट्रुव्वेलपेटर’ हे जर्मन पुस्तक 1845 साली निघाले आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेले. त्यातला जेवणाच्या टेबलावर चुळबुळ करणारा फिलिप एडीएचडीच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो. खुर्ची डोलवता डोलवता तो टेबलक्लॉथसकट सगळे जेवण खाली ओढतो. त्याच पुस्तकातली पाउलीन कुतूहलाने काडेपेटीशी खेळते आणि जळून राख होते. शेजारी दोन मांजरे रडत राहतात. फिलिपचे जेवण गेले आणि पाउलीनचा जीव गेला. एवढ्या एका तुलनेवरून निष्कर्ष काढू नये हे मला कळते, तरी ती दोन चित्रे माझ्या मनातून जात नाहीत.

नावे लावण्याविषयी मी ग्रंथघर यांच्याशी सहमत आहे. पुस्तकातल्या मुलीचे निदान आपण करू नये. पण मुलाने स्वतः ‘ही माझ्यासारखी आहे’ म्हटले, तर ‘छे, ती वेगळी’ असे म्हणून त्याला तोडूही नये.

उंबरठा

वरचे सगळे वाचले आणि ते पटलेही. तरीही जे मनात आहे ते लिहिते, कृपया गैरसमज नसावा.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. ती चार-पाच शब्द बोलते, बाकी चित्रकार्डांनी सांगते. आपण ज्या मुलींची नावे घेत आहात त्या सगळ्या बोलक्या आहेत, त्यांच्या तऱ्हा गोड आहेत आणि त्यांच्या हुशारीला कोणीतरी दाद देते. माझ्या मुलीची तऱ्हा गोड नाही. ती रात्री दोन वाजता उठून दारे आपटते. लग्नाकार्यात आम्हाला बोलावणे येते ते ‘तिची काहीतरी सोय करून या’ अशा निरोपासह. अशा मुलीचा उत्सव कोणत्या गोष्टीत होतो?

नव्या पुस्तकांची मला दुसरी एक भीती वाटते. त्यांत वेगळी मुलगी असते खरी, पण शेवटी ती एखादे अवघड कोडे सोडवून सगळ्या शाळेला वाचवते, आणि मग तिला चिडवणारी मुले तिची मित्र होतात. म्हणजे आधी तिने उपयोगी पडून दाखवायचे आणि मग तिला जागा मिळायची. माझी मुलगी कोणालाही वाचवणार नाही. तिला जागा हवी आहे ती आहे तशी.

मला आवडलेले एकच चित्रण सांगते. ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकी कार्यक्रमात एप्रिल 2017 मध्ये ज्यूलिया नावाची स्वमग्न बाहुली आली. तिला हलवणाऱ्या स्टेसी गॉर्डन या स्वतः एका स्वमग्न मुलाच्या आई आहेत. बिग बर्ड हा कार्यक्रमातला मोठा पक्षी तिला नमस्कार करतो आणि ती उत्तरच देत नाही, म्हणून आपण तिला आवडलो नाही असे त्याला वाटते. नंतर ती खेळताना आनंदाने उड्या मारू लागते, तेव्हा बाकीचे तिला थांबवत नाहीत. पकडापकडीचा खेळच उड्या मारत खेळायचा असे सगळे ठरवतात. खेळाचा नियम बदलला, मुलगी तशीच राहिली. मी तो भाग किती वेळा पाहिला हे सांगत नाही. पुढे 2019 मध्ये एका संस्थेशी केलेल्या भागीदारीमुळे स्वमग्न प्रौढांच्या एका संघटनेने त्या कार्यक्रमाशी फारकत घेतली, आणि त्यांची बाजू मला समजते, पण तो उड्यांचा खेळ माझ्यासाठी खराच आहे.

मृद्गंध

उंबरठा, आपण लिहिलेत ते फार बरे झाले. मी स्वतः स्वमग्न आहे आणि मला हे वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळले. मी बोलू शकते, नोकरी करते, म्हणून आपल्या मुलीच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही. पण ‘उपयोगी पडून दाखवायचे’ हे वाक्य मी आयुष्यभर जगले आहे.

आधी एका शब्दाविषयी. ‘स्वमग्न’ हा शब्द मी वापरते, कारण तो रूढ आहे, पण तो माझे वर्णन करत नाही. मी स्वतःत बुडालेली नसते. मी पंख्याच्या करकरीत, ट्यूबलाइटच्या गुणगुणीत आणि समोरच्या बाईच्या बांगड्यांच्या आवाजात बुडालेली असते, आणि त्या सगळ्यातून तिचे वाक्य वेचून काढत असते. लहानपणी मला ‘आपल्याच तंद्रीत असते’ असे म्हणत, तेव्हा मी जगाचे सगळेच्या सगळे ऐकत होते.

पुस्तकांतली माझी लाडकी मुलगी म्हणाल तर ‘पिपी लाँगस्टॉकिंग’ची पिपी. स्वीडिश लेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या आजारी मुलीने, कारिनने, 1941 मध्ये ते नाव असेच उच्चारले आणि हिची गोष्ट सांग म्हणून हट्ट धरला. एका मोठ्या प्रकाशकाने नाकारलेले हस्तलिखित 1945 मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने छापले. पिपी पाय उशीवर ठेवून झोपते, घोडा व्हरांड्यात पाळते आणि तो उचलूही शकते. पुस्तक गाजले तेव्हा, 1946 मध्ये, स्वीडनमधल्या एका प्राध्यापकांनी वृत्तपत्रात टीका केली की, कोणतेही नॉर्मल मूल कॉफीच्या मेजवानीत क्रीमचा अख्खा केक खात नाही किंवा सांडलेल्या साखरेवर अनवाणी चालत नाही. मी तो केकही खाल्ला असता आणि साखरेवरून चाललेही असते, कारण पायाखाली करकर वाजणारी साखर म्हणजे काय सुख आहे, हे मला आतून माहीत आहे.

मात्र पिपी केवळ धमाल म्हणून वाचली जाते, हे मला खटकते. ती एकदा शाळेत जाते आणि तिथे तिला काहीच जमत नाही. तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी येते आणि ती बाईंना सांगते की, आई स्वर्गात आणि बाप दूर बेटावर राजा असलेल्या, सारे आयुष्य समुद्रावर काढलेल्या मुलीला शाळेत कसे वागायचे ते कळत नाही. वागण्याचा प्रयत्न तिने मनापासून केलेला असतो, फक्त कोणी सांगितलेले नसतात असे नियम तिला दिसत नाहीत. माझे सगळे शालेय आयुष्य त्या एका परिच्छेदात आहे. आणि पुस्तक तिला तिथे सुधारत नाही. ती घोड्यावर बसून घरी जाते.

आता असे पुस्तक, ज्यात निदानाचे नाव उघडपणे आहे. एल मॅकनिकोल यांचे ‘अ काइंड ऑफ स्पार्क’ 2020 साली आले. लेखिका स्वतः न्यूरोडायव्हर्जंट आहेत, म्हणजे त्यांच्या मेंदूची घडण रूढ चाकोरीपेक्षा वेगळी आहे. अकरा वर्षांची अ‍ॅडी स्कॉटलंडमधल्या एका लहान गावात राहते, स्वमग्न आहे, शार्कविषयी सगळे वाचते आणि शब्दकोश जवळ बाळगते. तिची मोठी बहीण कीडीही स्वमग्न आहे, आणि या दोन बहिणींचे नाते हाच मला त्या पुस्तकाचा प्राण वाटतो, कारण लहान मुलीला तिच्यासारखी मोठी मुलगी घरातच दिसते. अ‍ॅडीला वर्गात कळते की, पूर्वी आपल्या गावात बायकांना चेटकीण ठरवून मारले होते. ज्यांना मारले त्या केवळ वेगळ्या होत्या, हे तिला चटकन उमगते आणि ती त्यांच्या स्मारकासाठी गावाच्या मागे लागते. गोष्ट काल्पनिक असली तरी पाया खरा आहे: स्कॉटलंडमध्ये 1563 ते 1736 या काळात चेटूक हा गुन्हा ठरवणारा कायदा होता, हजारो लोकांवर आरोप झाले, आणि 8 मार्च 2022 रोजी तिथल्या सरकारच्या प्रमुखांनी, म्हणजे फर्स्ट मिनिस्टरांनी, त्याबद्दल औपचारिक माफी मागितली. आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवण्याचे प्रकार आणि त्यावरचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा ज्यांना माहीत आहे, त्यांना हे परके वाटणार नाही. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र सुरुवातीचा प्रसंग जड जाईल, कारण त्यात शिक्षिका अ‍ॅडीचा कागद सगळ्यांसमोर फाडते. तो आपण आधी वाचून ठरवावा.

उंबरठा, अ‍ॅडी स्मारक मिळवते, म्हणजे तीही एका अर्थाने काहीतरी करून दाखवतेच, हे मी मान्य करते. आपल्या मुलीची गोष्ट अजून लिहिलेली नाही, किंवा निदान माझ्यापर्यंत पोचलेली नाही. आपण उड्यांच्या खेळाविषयी जे लिहिलेत, त्यात मला तिची सुरुवात दिसते.

ग्रंथघर

एक नाव राहिले होते. विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’ घरी ठेवा. त्यात निदान नाही, नायिका नाही, पण तिथे सगळेच लोक उफराटे आहेत आणि कोणीही कोणाला सुलटे करत नाही. आमच्या वर्गातला सर्वांत अस्वस्थ मुलगा त्या कविता ऐकताना एका जागी बसतो. तो बसावा म्हणून मी त्या वाचत नाही, हेही नमूद करतो.

रानजाई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उंबरठाताई, आपले उत्तर मी दोनदा वाचले. आपल्या मुलीसाठी आणि माझ्या मुलीसाठी एकच पुस्तक पुरणार नाही, हे मला त्यातून कळले.

काल रात्री ‘तोत्तोचान’ सुरू केले. शाळा शेवटी जळते आणि यासुआकी जातो, हे मी आधीच सांगून टाकले. तिने विचारले, “कितव्या पानावर?” मी पाने शोधून दिली आणि तिने तिथे दोन चिंचोके खुणेसाठी ठेवले. त्यामुळे पुस्तक नीट मिटत नाही, पण ते आता तसेच उशाशी आहे. डेस्कच्या झाकणाचा प्रसंग तिने तीनदा वाचायला लावला. तिसऱ्या वेळी मी वाचत असताना ती पलंगाखालच्या पेटीचे झाकण उघडत आणि मिटत होती, आणि आवाज मोठा होता तरी तिने कानांवर हात ठेवले नव्हते. तो आवाज ती स्वतः करत होती. आज रात्री चार तास ऐकणाऱ्या मुख्याध्यापकांचे प्रकरण आहे. ती त्यांना बोगद्यांविषयी काय काय सांगेल याची यादी तिने दुपारीच केली आहे, आणि ती ऐकायला आम्ही दोघेही आज लवकर जेवून बसणार आहोत.